हवामान-नियोजन आणि लोकसहभागाची कसोटी : हिवरखेडच्या संदर्भात एक चिकित्सा

'लोकसहभाग' या संज्ञेला उघडपणे विरोध करणारा मनुष्य आज सापडणे कठीण आहे. शासनाचे परिपत्रक असो, आंतरराष्ट्रीय संस्थेचा अहवाल असो, वा चळवळीतील कार्यकर्त्यांचे निवेदन असो. तिन्हींत ती सारख्याच आदराने अवतरते. ज्या शब्दावर परस्परविरोधी हितसंबंध असलेल्या सर्वांचे एकमत होते, त्या शब्दाचा अर्थ तपासून घेणे हे समीक्षेचे पहिले कर्तव्य ठरते. कारण असे एकमत पुष्कळदा अर्थाविषयी नसते. अर्थ संदिग्ध ठेवण्याविषयी असते. हवामानबदलाच्या नियोजनात ही संदिग्धता विशेष घातक आहे. रस्ता चुकीचा आखला गेला तर तो पुन्हा आखता येतो; परंतु एका तालुक्याचे पाणी एकदा दुसरीकडे वळले, त्याच्या आधारावर वस्ती वाढली, की मूळ वाटणीचा पुनर्विचार जवळजवळ अशक्य होऊन बसतो.

या संज्ञेची परीक्षा अमूर्त पातळीवर करण्यापेक्षा एखाद्या विशिष्ट स्थळाच्या संदर्भात करणे अधिक फलदायी ठरेल. अकोला जिल्ह्याच्या तेल्हारा तालुक्यातील हिवरखेड हे स्थळ त्या दृष्टीने उद्बोधक आहे. ते महानगर नाही. किंबहुना कालपरवापर्यंत ते कायद्याच्या दृष्टीने नगरही नव्हते. परंतु खेड्याचे नगर होत असताना लोकसहभागाचे नेमके काय होते, हे येथे जितके स्पष्ट दिसते तितके मोठ्या शहरांत दिसत नाही.

१. 'न्याय्य संक्रमण' या कल्पनेचा वऱ्हाडातील अर्थ

'न्याय्य संक्रमण' ही कल्पना मूळची अमेरिकेतील कामगार चळवळीची. समाजाच्या हितासाठी घातक उद्योग बंद करावयाचे असतील तर त्यांची किंमत केवळ त्यांतील कामगारांनी मोजू नये, ती सर्व समाजाने वाटून घ्यावी, हा तिचा गाभा होय. २०१५ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने या विषयावर मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आणि त्याच वर्षीच्या पॅरिस कराराच्या उद्देशिकेत या कल्पनेला स्थान मिळाले. युरोप-अमेरिकेत तिचा विचार मुख्यतः कोळशाच्या खाणी, वीजकेंद्रे आणि तेथील रोजगार यांच्या संदर्भात होतो.

वऱ्हाडात हा संदर्भ अगदीच गैरलागू नाही. बाळापूर तालुक्यातील पारस येथे कोळशावर चालणारे औष्णिक वीजकेंद्र आहे, आणि उद्या त्याचे स्वरूप बदलले तर तेथील कंत्राटी मजुरांचा प्रश्न उभा राहणारच. तथापि अकोला-अमरावती भागातील बहुसंख्य लोकांचा हवामानबदलाशी येणारा संबंध धुराड्याच्या मार्गाने येत नाही. तो पावसाच्या, विहिरीच्या आणि उन्हाच्या मार्गाने येतो. उत्सर्जनात त्यांचा वाटा अल्प. बदललेल्या ऋतुमानाशी जुळवून घेण्याचा भार मात्र मोठा. म्हणून येथे संक्रमण न्याय्य आहे की अन्याय्य, हे मुख्यतः तीन प्रश्नांवरून ठरते : कोणाचे पाणी कमी होणार, कोणाच्या कामाचे तास बुडणार, आणि कोणाच्या पिकाला आधार मिळणार. हे तिन्ही प्रश्न वाटणीचे आहेत. लोकसहभाग म्हणजे या वाटणीतील सहभाग होय; वाटणी झाल्यानंतरच्या समारंभातील सहभाग नव्हे.

२. हिवरखेड : ग्रामसभेकडून नगर परिषदेकडे

हिवरखेड सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेले आहे. उत्तरेस मेळघाटाचे डोंगर, दक्षिणेस पूर्णा नदीच्या खोऱ्याकडे उतरत जाणारी काळी जमीन. अकोट, तेल्हारा, अंजनगाव सुर्जी या पायथ्याच्या पट्ट्यात गोड्या पाण्याच्या आधाराने बागायत वाढली. संत्री, केळी यांच्या जोडीने पानमळे आणि पानपिंपरीसारखे सावलीत वाढणारे नाजूक पीकही येथे घेतले जाते. पूर्णेच्या दिशेने जसजसे खाली जावे तसतसे भूजल खारट होत जाते. अकोला, अमरावती व बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला हा खारपाणपट्टा आहे. वर गोडे पाणी आणि खाली खारे, ही या प्रदेशाची मूळ विषमता मनुष्याने निर्माण केलेली नाही. ती कशी हाताळावी हा प्रश्न मात्र सर्वस्वी मनुष्याचा आहे.

हिवरखेड दीर्घकाळ ग्रामपंचायतीच्या कारभाराखाली होते. पुढे तेथे नगर परिषद आली आणि २०२५ च्या डिसेंबरात तिची पहिली निवडणूक झाली. नागरी दर्जा मिळाल्याचे लाभ स्पष्ट आहेत. निधीचे नवे मार्ग खुले होतात, पाणीपुरवठा, मलनिःसारण, रस्ते यांच्या योजना आखता येतात, कारभाराला मुख्याधिकारी लाभतो. या लाभांविषयी जेवढे बोलले जाते, तेवढे एका हानीविषयी बोलले जात नाही. ग्रामपंचायतीबरोबर ग्रामसभाही जाते.

ही हानी केवळ भावनिक नाही; ती घटनात्मक आहे. १९९२ च्या ७३व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला संविधानात स्थान दिले. महाराष्ट्राच्या ग्रामपंचायत कायद्यानुसार गावचा प्रत्येक मतदार तिचा सभासद असतो, आणि नियमित ग्रामसभेपूर्वी स्त्रियांची स्वतंत्र सभा घेणेही बंधनकारक आहे. नागरी स्वराज्य संस्थांविषयीच्या ७४व्या घटनादुरुस्तीत मात्र अशी सर्व मतदारांची सभा नाही. तिच्यातील प्रभाग समितीची तरतूद आहे ती तीन लाख वा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांसाठी. महाराष्ट्रात २००९ साली महानगरपालिकांच्या कायद्यात क्षेत्रसभेची कल्पना आणली गेली. पण ती व्यवहारात रुजली नाही. परिणामी हिवरखेडसारख्या लहान नगराची अवस्था चमत्कारिक होते. खेडे असताना जो मतदार सभेत उभा राहून ताळेबंदावर प्रश्न विचारण्याचा अधिकारी होता, तोच नगरवासी होताच केवळ पाच वर्षांतून एकदा मत देणारा ठरतो. नागरीकरण म्हणजे लोकशाहीचा विस्तार, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. येथे तिचे एक अंग विस्तारते आणि दुसरे आक्रसते.

तुकडोजी महाराजांची 'ग्रामगीता' ज्या प्रदेशात लिहिली गेली, गाव हेच सामुदायिक विचाराचे आणि श्रमाचे घटक मानण्याची परंपरा ज्या भूमीत आहे, तेथे हा बदल निव्वळ प्रशासकीय म्हणून सोडून देता येणार नाही.

३. नियोजनाच्या दोन पद्धती

महाराष्ट्रात हवामान-नियोजनाचे जे प्रयत्न गेल्या काही वर्षांत झाले त्यांत दोन पद्धती स्पष्टपणे वेगळ्या काढता येतात. पहिली ग्रामीण, दुसरी नागरी.

ग्रामीण पद्धतीचे प्रमुख उदाहरण म्हणजे लोकांत 'पोकरा' या नावाने ओळखला जाणारा नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प. जागतिक बँकेच्या कर्जसाहाय्याने २०१८ साली सुरू झालेल्या या प्रकल्पात मराठवाडा, विदर्भ आणि खानदेशातील ५,१४२ गावांची निवड झाली. त्यांपैकी ९३२ गावे पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यातील होती. गावाचे सूक्ष्म नियोजन हा या प्रकल्पाचा पाया. शिवारफेरी, गावाच्या पाण्याचा ताळेबंद, ग्राम कृषी संजीवनी समितीची स्थापना आणि अखेरीस ग्रामसभेची मान्यता, असा त्याचा क्रम होता. कागदावर तरी ही रचना स्तुत्य होती. किती पाणी पडते, किती मुरते, कोणते पीक किती पाणी पिते, हा हिशेब गावाने एकत्र बसून मांडावयाचा, ही कल्पना महाराष्ट्राच्या शासकीय नियोजनात क्वचितच इतक्या व्यापक प्रमाणावर आली असेल.

तिची मर्यादा अंमलबजावणीच्या रचनेत होती. ताळेबंद सामुदायिक, पण प्रकल्पातील साहाय्याचा मोठा भाग वैयक्तिक. ठिबक संच, तुषार संच, शेततळे, फळबाग यांसाठी शेतकऱ्याने स्वतंत्र अर्ज करावयाचा आणि अनुदान त्याच्या खात्यात जमा व्हावयाचे. यात भ्रष्टाचाराला आळा बसतो, हे मान्य केले पाहिजे. परंतु गावाने मिळून ठरविलेले प्राधान्य आणि अर्जदारांच्या रांगेतून आपोआप ठरलेले प्राधान्य या दोन भिन्न गोष्टी आहेत. जमीनधारक, लिहितावाचता येणारा, कागदपत्रे तयार असलेला शेतकरी रांगेत पुढे जातो. आणि गावाच्या पाण्याचा ताळेबंद फाईलमध्ये राहतो. सहभागाने आरंभ झाला तरी शेवट लाभार्थीत होतो. सहभागी आणि लाभार्थी यांतील भेद येथे नीट ध्यानात घेतला पाहिजे. सहभागी ठरवितो, लाभार्थी स्वीकारतो.

नागरी पद्धतीचे स्वरूप याहून निराळे आहे. २ ऑक्टोबर २०२० रोजी राज्यात सुरू झालेल्या 'माझी वसुंधरा' अभियानाने भूमी, वायू, जल, अग्नी आणि आकाश या पंचमहाभूतांच्या चौकटीत स्थानिक संस्थांच्या कामाचे मूल्यमापन केले. गुण, क्रमांक, पारितोषिक ही त्याची साधने. नागरिकांच्या सहभागासाठी ई-शपथेची योजना आहे. पर्यावरणाचे भान वाढविण्यास अशा स्पर्धेचा उपयोग होत नाही असे नाही. पण गुणांकनाची पद्धती जे मोजता येते त्याचेच मोल करते : किती झाडे, किती दिवे, किती शपथा. ती झाडे कोणी निवडली, कोणत्या वस्तीत लावली, त्यांना पाणी कोठून आले, आणि त्यासाठी कोणाची जागा गेली, या प्रश्नांना गुणपत्रिकेत रकाना नसतो. शपथ घेणारा नागरिक आपल्या वर्तनाची हमी देतो. योजनेच्या निर्णयात तो भाग घेत नाही.

मुंबईचा हवामान कृती आराखडा हा नागरी नियोजनातील अधिक गंभीर प्रयत्न. २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे ध्येय त्याने स्वीकारले आणि ऊर्जा व इमारती, वाहतूक, घनकचरा, हरित आच्छादन, हवेची गुणवत्ता, पूर व जलव्यवस्था अशा विषयांत कार्यक्रम मांडला. त्याच्या तयारीत नागरिकांच्या सूचनाही मागविल्या गेल्या. तथापि त्याच्या प्रकाशनाचा काल विचारात घेण्याजोगा आहे. मुंबई महानगरपालिकेच्या निर्वाचित सभागृहाची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली. आराखडा १३ मार्च २०२२ रोजी प्रसिद्ध झाला. आणि त्यानंतरची निवडणूक २०२६ च्या जानेवारीत झाली. म्हणजे तीस वर्षांच्या संकल्पाची पहिली जवळजवळ चार वर्षे नगरसेवकांविना, प्रशासकाच्या कारभारात गेली. हा आराखड्याच्या कर्त्यांचा दोष नव्हे. पण सूचनापेटीने निर्वाचित सभागृहाची जागा भरून निघत नाही, हा धडा त्यातून निश्चित मिळतो. अकोल्यासह राज्यातील बहुतेक महानगरपालिका त्या काळात याच स्थितीत होत्या.

ग्रामीण पद्धतीत सभा आहे, परंतु तिच्या निर्णयाला वैयक्तिक अर्जाची वाट फुटते. नागरी पद्धतीत कार्यक्रम आहे, परंतु सभा नाही. हिवरखेड या दोहोंच्या सीमेवर उभे आहे.

४. वानचे पाणी : वाटणीची खरी परीक्षा

लोकसहभागाची परीक्षा सर्वांना हव्या असलेल्या गोष्टीत होत नाही. ती परस्परांच्या वाट्याला कात्री लावणाऱ्या गोष्टीत होते. तेल्हारा तालुक्यात अशी गोष्ट म्हणजे वान प्रकल्प.

वारी भैरवगडाजवळ वान नदीवर बांधलेल्या या धरणाचा जलाशय 'हनुमान सागर' या नावाने ओळखला जातो. त्याची साठवणक्षमता सुमारे ८२ दशलक्ष घनमीटर आहे. सिंचनासाठी उभारलेल्या या प्रकल्पावर हळूहळू पिण्याच्या पाण्याचा भार वाढत गेला. अकोट, तेल्हारा, शेगाव, जळगाव जामोद ही नगरे आणि ८४ खेडी योजनेसारख्या ग्रामीण योजना त्यावर अवलंबून झाल्या. पुढे अमृत योजनेतून अकोला शहरासाठी आणि त्यानंतर बाळापूर परिसरातील ६९ गावांसाठी येथूनच पाणी नेण्याचे प्रस्ताव आले. सिंचनाचा वाटा घटेल म्हणून तेल्हारा-अकोट भागातील शेतकऱ्यांनी त्यांना विरोध केला आणि आंदोलने झाली. ६९ गावांच्या योजनेला शासनाने स्थगिती दिली. तेव्हा खारपाणपट्ट्यातील लोकांनी २०२३ च्या एप्रिलमध्ये, बाळापूरच्या आमदारांच्या नेतृत्वाखाली, आपल्या गावचे खारे पाणी बरोबर घेऊन अकोल्याहून नागपूरपर्यंत पदयात्रा काढली.

या संघर्षात कोणता पक्ष न्यायाचा आणि कोणता अन्यायाचा, असा सोपा निवाडा देता येत नाही. पायथ्याचा बागायतदार म्हणतो की हे धरण सिंचनासाठी झाले, त्याच्या भरवशावर बागा उभ्या राहिल्या, आणि पाऊस जसजसा बेभरवशाचा होतो तसतसा त्याचा आधार अधिकच अपरिहार्य होतो. खारपाणपट्ट्यातील रहिवासी म्हणतो की पिकापूर्वी माणसाची तहान भागली पाहिजे, आणि खारे पाणी पिण्याची शिक्षा त्याला केवळ भूगोलाने दिलेली आहे. दोन्ही म्हणणी खरी आहेत. दोन्ही लोकांचीच आहेत. येथे 'शासन विरुद्ध लोक' हे परिचित नाट्य लागू पडत नाही; लोक आणि लोक यांच्यातील वाटणीचा हा प्रश्न आहे.

नेमक्या याच ठिकाणी लोकसहभागाविषयीचे प्रचलित सिद्धान्त अपुरे पडतात. शेरी आर्नस्टीन या अमेरिकन विदुषीने १९६९ साली नागरिक-सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तळाशी लोकांची दिशाभूल, मध्ये माहिती देणे व मत विचारणे यांसारखे नाममात्र उपचार, आणि शिखरावर नागरिकांचे नियंत्रण. सहभागाच्या नावाखाली चालणारा उपचार उघडा पाडण्यासाठी ही शिडी अद्यापही उपयुक्त आहे. परंतु तिच्या मुळाशी एक गृहीत आहे : सत्ताधारी एक आणि वंचित समुदाय एक. वानच्या पाण्यावर हक्क सांगणारे समुदाय अनेक आहेत. हिवरखेड-तेल्हाऱ्याच्या लोकांना शिखरावर बसविले तर बाळापूरकडील गावे तहानलेली राहू शकतात. अकोल्याला बसविले तर पायथ्याचे मळे सुकू शकतात. एका समुदायाच्या हाती नियंत्रण देणे म्हणजे न्याय नव्हे. ज्या सभेत सर्व दावेदार परस्परांना उत्तर देण्यास बांधलेले असतील, अशी सभा असणे हा न्याय होय.

अशी सभा नव्हती. म्हणूनच हा वाद मंत्रालयातील मंजुरी, त्यावरील स्थगिती आणि रस्त्यावरील पदयात्रा या क्रमाने चालला. मंजुरीला विरोध करावयाचा तर आंदोलन, स्थगितीला विरोध करावयाचा तर पुन्हा आंदोलन. दोन्ही बाजूंचे लोक मुंबई-नागपूरशी बोलले. परस्परांशी बोलण्याचे अधिकृत स्थान त्यांना मिळाले नाही. अमरावती जिल्ह्यात अप्पर वर्धा प्रकल्पाचे पाणी नांदगाव पेठच्या औष्णिक वीजप्रकल्पाला देण्याच्या प्रश्नावर जो संघर्ष झाला त्याचेही मूळ हेच होते. सिंचनाचे पाणी कोळशाच्या विजेकडे वळविण्याचा निर्णय लाभक्षेत्रातील लोकांना विश्वासात न घेता झाला. २००५ च्या कायद्याने राज्यात जलसंपत्ती नियमन प्राधिकरण आले तेव्हा अशा वाटपाला नियमांची चौकट मिळेल अशी अपेक्षा होती. २०११ च्या दुरुस्तीने क्षेत्रनिहाय वाटपाचा अंतिम निर्णय राज्य मंत्रिमंडळाकडे गेला.

विशेष म्हणजे अशा सभेचे बीज संविधानात आहे. अनुच्छेद २४३-यघ जिल्हा नियोजन समितीची स्थापना सांगतो. पंचायती आणि नगरपालिका यांच्या सामाईक हिताच्या बाबी विचारात घेऊन जिल्ह्याचा आराखडा करणे हे तिचे कार्य. आणि या बाबींत पाणी व अन्य नैसर्गिक साधनांच्या वाटणीचा तसेच पर्यावरण-संरक्षणाचा स्पष्ट उल्लेख आहे. समितीचे किमान चार-पंचमांश सदस्य जिल्ह्यातील पंचायती व नगरपालिका यांच्या निर्वाचित सदस्यांनी आपल्यातून निवडावेत, असेही तो सांगतो. म्हणजे गाव आणि नगर यांनी समोरासमोर बसून पाण्याची वाटणी बोलावी, ही अपेक्षा घटनाकारांच्या उत्तराधिकाऱ्यांनी १९९२ सालीच नोंदवून ठेवली होती. व्यवहारात पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील ही समिती मुख्यतः वार्षिक निधीच्या विभागणीचे काम करते. स्थानिक निवडणुका लांबल्या तेव्हा तर तिचा निर्वाचित आधारच क्षीण झाला. साधन उपलब्ध असूनही त्याचा वापर होत नाही, तेव्हा दोष कायद्याच्या अभावावर ढकलता येत नाही.

५. उष्म्याचा आदेश

पाण्याच्या प्रश्नाला इतिहास आहे. उष्म्याचा प्रश्न तुलनेने नवा आहे. २०२४ च्या मे महिन्यात अकोल्याचे तापमान ४५ अंशांपलीकडे गेले तेव्हा जिल्हाधिकाऱ्यांनी कलम १४४ लागू केले. आस्थापनांनी कामगारांसाठी पिण्याच्या पाण्याची व पंख्यांची सोय करावी, खाजगी शिकवणी वर्ग भर दुपारी भरवू नयेत, अशा सूचना त्यात होत्या. जमावबंदीसाठी घडविलेले कलम उन्हापासून संरक्षणासाठी वापरावे लागले, ही गोष्टच नियोजनाच्या अभावाची द्योतक आहे. आदेश हेतूने योग्य होता, आणि तातडीच्या प्रसंगी आदेशच उपयोगी पडतो. पण दुपारचे काम थांबल्यास त्या तासांची मजुरी कोणी सोसावी, हा प्रश्न आदेशाच्या कक्षेत येत नाही. बांधकामावरील गवंडी, निंदणाला जाणारी मजूर स्त्री, हातगाडीवाला यांच्या दृष्टीने संरक्षण आणि उपासमार यांतील अंतर काही तासांचेच असते. कामाची वेळ पहाटेकडे सरकवावी, सावलीची ठिकाणे कोठे असावीत, मजुरीचा दर तासावर ठरावा की कामावर, हे ज्यांना सांगता येईल ते लोक आराखड्याच्या बैठकीत नसतात. त्यांना बोलाविणे हा उपकार नव्हे. त्यांच्यावाचून आराखडा अपुरा राहतो.

६. आक्षेपांचा विचार

लोकसभेच्या अशा आग्रहावर तीन आक्षेप घेतले जातात आणि त्यांची दखल प्रामाणिकपणे घेतली पाहिजे.

पहिला आक्षेप असा की हवामान व भूजल हे शास्त्राचे विषय आहेत. लोकांच्या मताने त्यांचा निर्णय होऊ नये. यात तथ्य आहे. विहीर खारट आहे हे शेतकऱ्याला कळते. किती खोलीवर कोणत्या थरात क्षार आहेत हे सांगण्यास शास्त्रज्ञ लागतो. अकोल्यात १९६९ पासून कृषी विद्यापीठ आहे आणि खारपाणपट्ट्याच्या जमिनीवर तेथे संशोधन झाले आहे. त्या ज्ञानाला पर्याय नाही. परंतु काय शक्य आहे हे शास्त्र सांगते. शक्य असलेल्या मार्गांपैकी कोणती हानी कोणी सोसावी, हे शास्त्रातून निष्पन्न होत नाही. तेथे तज्ज्ञाचे मत एका नागरिकाच्या मताइतकेच असते.

दुसरा आक्षेप ग्रामसभेच्या वास्तवावर आहे. गणपूर्ती होत नाही, धनवान आणि वजनदार मंडळींचा आवाज चढतो, स्त्रिया व भूमिहीन गप्प राहतात. हेही खरे आहे. ग्रामसभेचे भाबडे उदात्तीकरण करून लाभ नाही. तथापि सदोष सभेत दबलेल्या मनुष्याला बोलण्याचा हक्क तरी असतो आणि तो कधीतरी वापरला जातो. सभाच नसेल तर वजनदार मंडळींचा आवाज बंद दारांआड तितकाच चढतो, फक्त तो कोणाला ऐकू येत नाही. महिला सभेची पूर्वअट ही सभेच्या दोषावर सभेतूनच काढलेली वाट होती.

तिसरा आक्षेप कालापव्ययाचा. हवामानबदल थांबत नाही. चर्चेला वेळ कोठे आहे? याचे उत्तर वानच्या वादातच आहे. मंजुरी, विरोध, स्थगिती, प्रतिविरोध यांत गेलेली वर्षे मोजली तर आधी बोलणे हेच काटकसरीचे ठरले असते.

अन्यत्रच्या अनुभवातून एक गोष्ट निश्चित शिकण्यासारखी आहे. ब्राझीलमधील पोर्तो आलेग्रे शहराने १९८९ पासून नगराच्या अंदाजपत्रकाचा काही भाग वस्तीसभांतून ठरविण्याची प्रथा घातली. केरळने १९९६ च्या लोकयोजना अभियानात राज्याच्या योजना-निधीचा सुमारे ३५ ते ४० टक्के भाग आधी स्थानिक संस्थांकडे सोपविण्याचे जाहीर केले आणि मग ग्रामसभा भरविल्या. पुण्यातही २००६ पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामे सुचविण्याची पद्धती आहे. पण तेथे सुचविणे आणि ठरविणे यांतील अंतर कायम राहिले. पहिल्या दोन उदाहरणांत सभेपुढे प्रत्यक्ष निधी होता, म्हणून सभेला वजन आले. रिकाम्या हाताने बोलाविलेल्या सभेत लोक एकदा येतात. दुसऱ्यांदा येत नाहीत, आणि मग 'लोकांना रस नाही' असा निष्कर्ष काढला जातो.

७. उपसंहार

या विवेचनातून लोकसहभागाच्या तीन कसोट्या हाती लागतात. पहिली कालाची : लोकांना वाटणीपूर्वी विचारले की नंतर? दुसरी ज्ञानाची : ज्या आकड्यांवर निर्णय होतो ते लोकांच्या भाषेत, गावाच्या वा वस्तीच्या मापाने त्यांच्यापुढे ठेवले की नाही? तिसरी अधिकाराची : नकार देण्याला, बदल सुचविण्याला आणि पुढे निर्णयाचा फेरविचार मागण्याला संस्थात्मक स्थान आहे की नाही? पोकराने दुसरी कसोटी बऱ्याच अंशी पूर्ण केली, पहिली काही अंशी. नागरी आराखडे मुख्यतः सूचनांपर्यंत पोहोचले. वानच्या पाण्याबाबत तिन्ही कसोट्या अपूर्ण राहिल्या.

हिवरखेडच्या नव्या नगर परिषदेपुढे म्हणून एक असाधारण संधी आहे. तिच्या प्रथा अद्याप घडावयाच्या आहेत. प्रभागवार मतदारसभा भरविण्याची सक्ती कायदा तिच्यावर करीत नाही. परंतु नगरसेवकांनी आपल्या प्रभागात नियमित सभा बोलावून अंदाजपत्रक, पाणीपुरवठा आणि उन्हाळ्यातील व्यवस्था त्यांपुढे मांडावी, यात अडचणही नाही. ग्रामसभेची सवय असलेली पिढी तेथे अजून आहे. हीच पिढी निवर्तली की ती सवय पुस्तकातून शिकवावी लागेल. दुसरीकडे, जिल्हा नियोजन समितीत वानच्या पाण्याचा वार्षिक ताळेबंद मांडण्याचा आग्रह हिवरखेडला, तेल्हाऱ्याला, बाळापूरला आणि अकोल्याला समानपणे धरता येईल. पाणी बुलडाण्याच्या नगरांनाही जात असल्याने एका जिल्ह्याची समिती पुरणार नाही, दोन जिल्ह्यांना एकत्र बसावे लागेल, हेही उघड आहे.

अशा सभेतून सर्वांचे समाधान होईल असे मानण्याचे कारण नाही. पाऊस कमी झाला तर कोणाच्या तरी वाट्याला कमी येणारच. परंतु आपला वाटा का घटला, कोणासाठी घटला आणि तो पुन्हा केव्हा विचारात घेतला जाईल, हे ज्याला समोरासमोर सांगितले गेले आहे तो मनुष्य हानी सोसूनही त्या समाजाचा घटक राहतो. ज्याला ते सांगितले गेले नाही, त्याच्या दृष्टीने संक्रमण कितीही शास्त्रशुद्ध असले तरी ते त्याच्यावर लादलेलेच असते.